मामीनं चूल बाहेर नेली

मामी गेल्याचा निरोप घेऊन बपेऱ्याचा माणूस आला, तेव्हा मी भंडाऱ्याला आमच्या पाटबंधारे कार्यालयात टेबलावर कालव्याचा नकाशा पसरून बसलो होतो. मामीच्या शेजारचाच माणूस. दारात चपला काढून उभा राहिला, आत येईना. "तुमची मामी गेली जी सकाळी," तो म्हणाला. "दुखलं नाही, खुपलं नाही. अंगणात बसून होती, तशीच कलंडली. दिवस बुडायच्या आत नेतीन म्हणतात. चाला." मी नकाशा गुंडाळला, घरी जाऊन बायकोला, मंदाला, आणि मुलीला घेतलं आणि आम्ही तुमसरच्या गाडीत बसलो. खरं सांगायचं तर त्या वेळी माझ्या मनात आधी आली ती मामी नव्हे. आधी आली ती चिता. मामा काही वर्षांपूर्वीच गेले होते. त्यांना अग्नी दिला तो त्यांच्या चुलतभावानं, श्रावणकाकांनी. पण आता काका स्वतःच काठी टेकत चालत. मामीला मुलगा नाही, एकच मुलगी, शकुन. मामीनं पोटच्या पोरासारखा वाढवलेला भाचा म्हणजे मी. अग्नी कुणी द्यायचा हे गावात कुणी विचारायचीही गरज नव्हती... आणि मी तर आजवर स्वतःच्या हातानं साधी काडी पेटवलेली नाही.

हे मी असं चारचौघांत पहिल्यांदाच सांगतो आहे. माझी आई मी सात वर्षांचा असताना गेली. आम्ही तुमसरला राहत होतो, वडील एका राईस मिलमध्ये कामाला होते. सकाळची वेळ. वडील कामावर गेलेले, आई चुलीपुढे बसून भाजी परतत होती आणि मी दारात पाटी घेऊन बसलो होतो. तिच्या पदरानं पेट घेतला. त्यापुढचं मी इथे लिहिणार नाही. इतकंच, की मी दारातून हललो नाही आणि माझ्या तोंडून आवाज निघाला नाही. शेजारणी धावत आल्या त्या आईच्या ओरडण्यानं. दोन दिवसांनी दवाखान्यात तिनं डोळे मिटले. वडिलांनी मला एकदाच विचारलं, "तू काहून बोंबलला नाही रे?" ते दुःखात होते, मी आज त्यांना बोल लावत नाही. पण तो प्रश्न माझ्या आत जाऊन बसला तो बसलाच. माझं बोलणं जवळजवळ थांबलं. वर्षाच्या आत वडिलांनी दुसरं लग्न केलं आणि मामा येऊन मला बपेऱ्याला घेऊन गेले.

मामी नदीपलीकडची, मध्यप्रदेशातली. तिच्या बोलण्यात निम्मी हिंदी असायची. अंगानं उंच, सावळी, आणि आवाज असा की धानाच्या बांधीतून तिनं हाक मारली तर तळ्यावर जाळं टाकणारा ढिवर मान वर करून पाहायचा. दातांना सदा तंबाखूचा गुडाखू लावलेला. लाडीगोडी तिला जमत नसे. मी पहिल्यांदा त्या घरात पाऊल टाकलं, तेव्हा ती स्वयंपाकघरात भाकरी टाकत होती. पुढच्या दारातून सरळ चूल दिसायची. मी ती पाहिली आणि पळालो तो थेट बकऱ्यांच्या कोठ्यात. कोपऱ्यात बसलो, अंगावरची चड्डी ओली झाली. मामी मागोमाग आली. मला वाटलं आता मार बसणार. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग बकरीकडे पाहिलं, आणि म्हणाली, "या बकरीले काही लाजशरम नाही, कुठंही मुतते. चाल, धुऊन टाकू." त्या घरातलं तिचं माझ्याशी पहिलं बोलणं ते.

दुसऱ्या दिवशी मी उठलो तर स्वयंपाकघरात धूळच धूळ. मामीनं सब्बल घेऊन चूल फोडून काढली होती आणि माती घमेल्यात भरून घरामागच्या सांदवाडीत नेत होती. मागच्या परसाच्या कोपऱ्यात, जिथं वालाचा वेल चढवलेला होता, तिथं चार बल्ल्या रोवून, वर पळसाच्या पानांचं छप्पर टाकून तिनं नवी चूल घातली. मामा दातवण करत उभे होते. ते म्हणाले, "अवो, पाण्यापावसात काय करशीन?"

"भिजीन. तुमाले का?"

"अन् भात? तिकडून इकडं आणता आणता थंडा होऊन जाईन ना."

"थंडा भात खाल्ल्यानं कोणी मरत नाही जी. गपचूप खात जा."

झालं, विषय संपला. त्यानंतर मामीनं आयुष्यभर त्या सांदवाडीतच रांधलं. पावसाळ्यात लाकडं ओली, डोक्यावर पोतं पांघरलेलं, डोळ्यांतून धुरानं पाणी. पुढं छपरावर टिनं आली, पण तीही एका वादळात उडाली आणि पुन्हा पळसाची पानं आली. हे सगळं आपल्यासाठी चाललंय हे मला कितीतरी वर्षं कळलंच नाही. मला वाटायचं, या गावात चूल मागंच असते. शेजारच्या घरात गेलो आणि तिथं ती आत पाहिली, तेव्हा कुठं उमगलं.

ती चुकली नाही असं नाही. मी बोलत नाही, झोपेत ओरडतो, हे पाहून बायकांनी तिला सांगितलं की पोराच्या अंगावर मायची सावली आहे, भगताकडे ने. तिनं नेलं. भगतानं मला समोर बसवलं आणि मडक्यात निखारे घेऊन माझ्या तोंडाभोवती ओवाळायला लागला. मी तिथंच बेशुद्ध पडलो. जाग आली तेव्हा मी मामीच्या खांद्यावर होतो, आठ वर्षांचा घोडा, आणि ती शेताच्या धुऱ्यावरून तरातरा चालत भगताला, त्याच्या मायला आणि त्याच्या सात पिढ्यांना शिव्या घालत होती. मध्येच थांबली आणि मला म्हणाली, "माही गलती झाली बापू. मले अक्कल नव्हती." मोठं माणूस लहान मुलाला असं म्हणतं, हे मी तोवर पाहिलं नव्हतं. त्या दिवशी मी तिच्या मानेला घट्ट धरून पहिल्यांदा रडलो. आई गेल्यावर मी रडलोच नव्हतो.

मामीनं माझ्यासाठी केलेली सर्वांत मोठी गोष्ट कोणती, असं कुणी विचारलं तर मी म्हणेन, तिनं मला माझी आई परत दिली. आईचा विषय निघाला की सगळे आवाज खाली आणायचे, माझ्याकडे चोरून पाहायचे. माझ्या मनात तर आईचं एकच चित्र उरलं होतं, आणि ते कसलं ते सांगायला नको. मामी मात्र नणंदेबद्दल अशी बोलायची, जणू ती आत्ताच भांडून माहेरून सासरी गेली आहे. "तुही माय मोठी तोंडाळ होती बरं. मी नवी नवरी या घरी आली, तं तिनं पहिल्याच दिवशी माह्या बांगड्या घालून पाहल्या अन् दोन फोडल्या." कधी सांगायची, मोहफुलं वेचायला गेलेली असताना आईला माकडानं कसं पळवलं. कधी सांगायची, माझ्या वेळी तिला रात्रंदिवस चिंचेचेच डोहाळे होते. धान निसता निसता, वाल सोलता सोलता ती सांगायची, मी ऐकायचो. हळूहळू त्या एका चित्राच्या भोवती दुसरी चित्रं येऊन उभी राहिली. बांगड्या फोडणारी, माकडाला भ्यालेली, चिंचा खाणारी माझी आई... ती मला मामीच्या तोंडून मिळाली.

मी पुन्हा बोलायला लागलो, शाळेत जायला लागलो, तुमसरच्या हायस्कुलात बऱ्यापैकी मार्कही मिळवू लागलो. लोक म्हणायचे, पोट्टा सुधारला. पण असं दुखणं वयासोबत निघून जात नाही, हे मी अनुभवानं सांगतो. होळी आली की दोन दिवस अगोदरच माझी भूक मरायची. मामी त्या दिवशी मला घेऊन नदीपलीकडे तिच्या माहेरच्या शेतावर जायची आणि गावाला सांगायची की तिथं काम आहे. कुणाचा आवाज चढला की माझे हात गार पडायचे. अचानक भांडं पडलं तर मी जागच्या जागी थिजायचो, अगदी त्या दिवशी थिजलो होतो तसा. आणि या सगळ्याच्या तळाशी वडिलांचा तो प्रश्न होताच.

मॅट्रिकच्या वर्षी एकदा मी तो मामीला सांगून टाकला. ती विहिरीवरून पाणी आणून गुंड, म्हणजे मोठा पितळी घडा, खाली ठेवत होती. मी म्हणालो, "मामी, आई पेटली तेव्हा चुलीजवळ पाण्याचा भरला गुंड होता. मी तो ओतला असता तर ती वाचली असती. मी नुसता पाहत राहिलो."

मामीनं पदराला हात पुसले, अंगणाच्या फाटकाशी गेली आणि रस्त्यावर खेळणाऱ्या शेजाऱ्यांच्या धाकट्या पोरीला हाक मारून आत आणलं. "किती वरसाची गं तू?"

"सात," पोरगी म्हणाली.

"हा गुंड उचल बरं."

पोरीनं दोन्ही हातांनी गुंडाचा गळा धरला. ओढला, पुन्हा ओढला, तोंड लाल केलं. गुंड जागचा हलला नाही. तिनं मामीकडे पाहिलं आणि हसून म्हणाली, "नाही होत मामी, जड आहे." मामीनं तिच्या हातावर गुळाचा खडा ठेवला आणि तिला खेळायला पाठवून दिलं. मग माझ्याकडे वळली. "पाह्यलं? एवढासा होता तू. तुले वाटते तू आज जेवढा आहेस तेवढाच तवा होता. नाही रे बापू... एवढासा होता."

मी किती वेळ त्या गुंडाकडे पाहत राहिलो कोण जाणे. इतकी वर्षं मी माझ्या आठवणीत त्या दारात एक धडधाकट माणूस उभा केला होता आणि त्याला गुन्हेगार ठरवला होता. मामीनं त्या जागी पुढचे दात पडलेली, गुळाच्या खड्यानं खूश होणारी एक पोरगी आणून दाखवली. त्यानंतर तो प्रश्न गेला असं नाही, अजूनही येतो. पण तो आला की मला ती पोरगी गुंड ओढताना दिसते आणि मी श्वास घेऊ शकतो.

पुढं मला भंडाऱ्याला पाटबंधारे खात्यात नोकरी लागली. मामी गावभर सांगत फिरली, "आमचा बापू आगीले भेते म्हून पाण्याच्या हापिसात लागला," आणि स्वतःच सर्वांआधी हसायची. माझ्या भीतीवर हसायचा हक्क तिनं फक्त स्वतःकडे ठेवला होता. दुसरा कुणी हसला तर त्याची खैर नसे. लग्नाची गोष्ट निघाली तेव्हा मामा म्हणत होते की मुलीकडे हे काही बोलू नका, सोयरीक मोडन. मामी कुणाला न विचारता उठली, गाडीत बसून मुलीच्या गावी गेली आणि मंदाला समोर बसवून सगळं सांगून आली. मंदाचे वडील विचारात पडले. मंदानं मामीला एवढंच विचारलं, "ते रागीट आहेत का?" मामी म्हणाली, "राग यायले आधी तोंडातून आवाज निघा लागते बाई." मंदा हसली आणि हो म्हणाली. लग्नात मामीनं हवन करू दिलं नाही. भटजी म्हणाले, "अग्निसाक्ष नाही तर साक्ष कोणाची?" त्यावर मामी म्हणाली, "माही. मी आगीपेक्षा जास्त ध्यान ठेवीन." शेवटी भटजींनी सूर्याला साक्षी ठेवून लग्न लावलं.

सगळ्यांना वाटलं, आता गाडी रुळावर आली. मलाही वाटलं. पण आमची मुलगी झाली आणि सगळं उलटून आलं. मंदा स्वयंपाकाला बसली की मी मुलीला छातीशी धरून दारात उभा राहायचो, तिचं रांधणं होईस्तोवर. मग कार्यालयातून मध्येच घरी धावत यायला लागलो, मंदा जिवंत आहे की नाही ते पाहायला. झोप उडाली. काही दिवस तर कामावर गेलोच नाही, दार लावून आत बसून राहिलो. मंदानं घाबरून बपेऱ्याला निरोप धाडला. मामी आली. तिनं पाहिलं, आणि या वेळी भगताचं नाव काढलं नाही. शेजारी म्हणाले, वेड्यांच्या डॉक्टरकडे न्याल तर पोरीच्या लग्नापर्यंत लोक बोलतील. मामी म्हणाली, "बोलू द्या, पोरगी अजून पाळण्यात आहे." दुसऱ्या दिवशी आम्ही नागपूरच्या गाडीत होतो. तिच्या मांडीवर फडक्यात बांधलेली भाकरी आणि वाटेत मी उतरून पळू नये म्हणून माझ्या मनगटावर तिचा हात.

डॉक्टरांनी विचारलं, "तुम्ही यांच्या कोण?"

"मामी होय. याच्या मायचं काम बाकी राहिलं होतं, ते करून राहिली."

डॉक्टर वयानं मोठे, शांत गृहस्थ होते. सगळं ऐकून घेतल्यावर ते मला म्हणाले, "तुम्हाला वेड लागलेलं नाही. त्या लहान मुलाला जे झेपलं नाही, ते अजून तुमच्या अंगात आहे. गोळ्या देतो, त्यानं झोप येईल. पण बोलायला यावं लागेल, आणि वेळ लागेल." वेळ लागला. वर्षभराहून अधिक काळ मी जात राहिलो. मामी शेतीची कामं टाकून यायची आणि बाहेरच्या बाकावर बसून राहायची. आत काय बोलणं झालं, हे तिनं एकदाही विचारलं नाही. विचारायची ते, "भूक लागली का?" मी पूर्ण बरा झालो असं मी म्हणणार नाही. पण झोपू लागलो, नोकरीवर गेलो. मंदा स्वयंपाक करत असताना मुलीला घेऊन शेजारच्या खोलीत बसून तिला गोष्ट सांगू लागलो. आमच्या घरी ही फार मोठी गोष्ट होती.

तर त्या दिवशी आम्ही बपेऱ्याला पोचलो तेव्हा अंगणात माणसं जमली होती. मामीला निजवलेलं होतं. चेहरा नेहमीसारखाच, आता कुणाला तरी रागावून बोलेल असा. मी पायाशी बसलो. गावातल्या एका जाणत्यानं खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "चाल गा, तुलेच करा लागन. मडकं धर." माझे हात गार पडले. मंदा पुढं व्हायच्या आत शकुन उठली. रडून तिचा आवाज बसला होता, पण होता आईचाच. "दादा नाही. अग्नी मी देईन. आईनं सांगून ठेवलं आहे."

कुजबुज सुरू झाली. पोरीनं कसा अग्नी द्यायचा, भाचा असताना कायले, असं कुणी कुणी बोलू लागलं. तेव्हा श्रावणकाका काठीवर जोर देऊन उभे राहिले. "मले बी सांगून ठेवलं आहे तिनं," ते म्हणाले. "दिवाळीत घरी आली होती. म्हणे, भाऊजी, मी मेल्यावर माह्या पोट्ट्याले आगीजवळ उभा कराल तं मी उठून बसीन. आता ती उठून बसली तं तिले आवरणारा कोणी आहे का इथं?" माणसं त्या दुःखातही हसली. शकुननं मडकं धरलं.

मी खांदा दिला, नदीपर्यंत सोबत चाललो, आणि मग वरच्या अंगाला, वाळूत दूर जाऊन पाण्याकडे तोंड करून बसलो. मंदा शेजारी होती. माझ्या पाठीमागं जे चाललं होतं ते मला ऐकू येत होतं. भीती होतीच. पण तिच्याहून मोठं काहीतरी त्या दिवशी मनात होतं. आपल्या मरणाचा विचार करताना एका बाईला आधी आठवलं ते हे, की आपल्या चितेनं पोराला त्रास होईल...

तिसऱ्या दिवशी राख सावडायला गेलो तेव्हा मात्र मी कुणाला हात लावू दिला नाही. दूध-पाणी शिंपडून झाल्यावर मी खाली बसलो आणि दोन्ही हात राखेत घातले. ती गार होती, मऊ होती, सकाळच्या उन्हानं वरून जरा कोमट झाली होती. मी सगळी स्वतः गोळा केली आणि कमरेइतक्या पाण्यात जाऊन सोडली. शकुन काठावर उभी होती.

मामीची एक सवय सांगायची राहिली. काडी ओढण्याआधी ती नेहमी सांदवाडीतून मला हाक द्यायची. "पेटवून राहिली गा बापू..." आणि मी "हो" म्हणेपर्यंत काडी पेटीवर धरून थांबायची. मी लहान होतो तेव्हा, मी नोकरीला लागलो तेव्हा, माझ्या लेकीला घेऊन गेलो तेव्हासुद्धा. कधी मी पुस्तकात गुंतलेलो असायचो, हाक ऐकू यायची नाही. ती तशीच बसून राहायची, पाहुणे चहासाठी खोळंबायचे. ती पुन्हा हाक द्यायची, पण न विचारता पेटवायची नाही. तेराव्याच्या सकाळी घर पाहुण्यांनी भरलं होतं. मी पुढच्या खोलीत श्रावणकाकांजवळ बसलो होतो. सगळ्यांच्या गलबल्यात मागून शकुनचा आवाज आला.

"पेटवून राहिली गा दादा..."

खोलीतलं बोलणं थांबलं. माझ्या उत्तरासाठी शकुन काडी पेटीवर धरून थांबली असणार, कारण मागून काहीच आवाज येईना. मग मी म्हणालो, "हो."